रात्र झाली की कॅमेरे बंद पडतात: १२ व्होल्टच्या एसएमपीएसचा दोष शोधायचा क्रम

दिवसभर आठही कॅमेरे व्यवस्थित चालतात. अंधार पडला की लांबचे दोन-तीन लुकलुकायला लागतात, डीव्हीआरवर, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, ‘व्हिडिओ लॉस’ येतो आणि जातो. सकाळी तंत्रज्ञ येतो तेव्हा सगळे ठणठणीत. तो एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टच्या लाइटचे १२ व्होल्ट डीसी करणारा डबा, बदलतो, महिनाभर बरे जाते आणि तीच तक्रार परत येते. सोसायटी, किराणा दुकान, शाळा, गोठा, कुठेही जा, हाच दोष सगळ्यांत जास्त वेळा समोर येतो. तो परत येण्याचे कारण एकच: मोजमाप दिवसा होते आणि तेही एसएमपीएसपाशीच. हा दोष रात्री, पूर्ण लोडवर, तारेच्या दोन्ही टोकांना मोजल्याशिवाय हाती लागत नाही.

इथे जाळीदार पत्र्याचा, १२ व्होल्ट ५ किंवा १० अँपिअरचा एसएमपीएस धरला आहे. एलईडी पट्ट्यांना आणि दुकानाच्या पाट्यांनाही तोच लागतो, त्यामुळे बरेचसे तिथेही लागू पडेल.

लक्षणे

आधी नेमके काय होते ते लिहून काढा. ‘बंद पडतो’ एवढ्यावरून काही कळत नाही.

- फक्त रात्री, आणि फक्त लांबचे कॅमेरे जातात: तार किंवा जोड.
- फक्त रात्री, पण सगळे एकदम जातात: एसएमपीएस लोड ओढू शकत नाही किंवा मागून येणारी लाइटच पडते आहे.
- एसएमपीएसचा हिरवा दिवा लुकलुकतो आणि टिक… टिक… असा आवाज येतो: आउटपुटला शॉर्ट, ओव्हरलोड, किंवा आतला एक छोटा कपॅसिटर सुकलेला.
- चालू असेपर्यंत वर्षानुवर्षे चालतो, पण लाइट जाऊन आली की उठत नाही. थंडीतल्या सकाळी तर नाहीच: बहुधा तोच छोटा कपॅसिटर.
- चित्रावर आडवे पट्टे हळूहळू वर-खाली सरकतात: रिपल, म्हणजे डीसीवर राहिलेला चढउतार, वाढला आहे किंवा अर्थिंगचा घोळ आहे.
- इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की कॅमेरे रीस्टार्ट होतात: इन्व्हर्टरची सेटिंग किंवा आतला मोठा कपॅसिटर.
- पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात: अर्थ जोडलेला नाही. इथे पुढचे काही वाचण्याआधी लाइट बंद करा आणि अर्थिंग दुरुस्त करून घ्या.
- पूर्ण मृत, दिवाही नाही: फ्यूज, किंवा फ्यूजच्या पुढचे काही.

रात्रीच का?

अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड एलईडी लागतात. दिवसा पाव अँपिअर घेणारा बुलेट कॅमेरा रात्री अर्ध्या अँपिअरपर्यंत जातो. आठ कॅमेऱ्यांचे दिवसाचे २ अँपिअर रात्री ४ होतात.

आता तारेकडे पाहा. अर्धा चौरस मिलिमीटर शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला साधारण ३९ ओहम असतो. कॅमेरा ६० मीटरवर असेल तर करंट जाऊन-येऊन १२० मीटर फिरतो, म्हणजे ४.७ ओहम. दिवसा पाव अँपिअरला १.२ व्होल्ट पडतात आणि कॅमेऱ्याला १०.८ मिळतात; तो कसाबसा चालतो. रात्री अर्ध्या अँपिअरला २.३ व्होल्ट पडतात आणि उरतात ९.७. बाजारातल्या बऱ्याच थ्री-प्लस-वन केबलमधल्या (तीन साध्या तारा आणि एक व्हिडिओची) पॉवरच्या तारा याहून बारीक असतात आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांचा रोध तांब्याच्या दीडपट धरावा.

व्होल्टेज कमी पडले की कॅमेरा नुसता अंधुक होऊन थांबत नाही. त्याच्या आतही एक छोटा कन्व्हर्टर असतो. व्होल्टेज कमी झाले की तो तेवढीच शक्ती मिळवायला करंट वाढवतो, करंट वाढला की तारेत आणखी व्होल्टेज पडते, आणि शेवटी कॅमेरा बसतो. बसला की एलईडी विझतात, लोड जातो, व्होल्टेज परत १२ वर येते, कॅमेरा सुरू होतो, अंधार पाहून एलईडी लावतो आणि पुन्हा बसतो. ठरावीक अंतराने होणारी ती उघडझाप ही अशी चालते. तिच्यात एसएमपीएसचा काहीही दोष नसू शकतो.

तपासणी १: डोळे, नाक, कान

खर्च शून्य. एसएमपीएस लोखंडी पेटीत कोंबलेला असेल, पेटी पश्चिमेच्या भिंतीवर असेल, वर पत्रा असेल, तर अर्धे निदान तिथेच झाले. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला निम्मे होते. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ७५ अंशांना सुमारे १६,००० तास टिकतो. चोवीस तास चालणाऱ्या यंत्राचे वर्षाला ८,७६० तास होतात, म्हणजे दोन वर्षेही पुरी नाहीत. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. बंद पेटीतल्या कपॅसिटरला ७५ गाठायला वेळ लागत नाही. पेटीला खाली-वर हवेची भोके हवीत, आणि ती बारीक जाळीने झाकलेली हवीत, कारण पाली आणि झुरळे उबेला आत शिरतात. पाल आतल्या सर्किटच्या पट्टीवर आडवी आली की ३०० व्होल्टचा शॉर्ट होतो आणि तिच्याबरोबर एसएमपीएसही जातो.

जाळीतून टॉर्च मारून पाहा. कपॅसिटरचे डोके फुगलेले, तपकिरी डाग, काजळी, जळका किंवा माशासारखा वास, यांपैकी काहीही दिसले-जाणवले तर लाइट बंद करा. कोकणपट्टीत टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर दिसतो; तो खाऱ्या हवेचा गंज आहे आणि पुढच्या तपासणीत तोच सापडणार आहे.

तपासणी २: स्क्रू आणि जोड

मेन स्विच बंद करून टर्मिनलचा प्रत्येक स्क्रू आवळा. आठ बारीक तारा पीळ देऊन एका टर्मिनलमध्ये कोंबलेल्या असतात. त्यातल्या दोन-तीन सैल असतातच. सैल जोडाला अर्धा ओहम रोध आला तरी ४ अँपिअरला २ व्होल्ट आणि ८ वॅट तिथेच जळतात. प्लास्टिक पिवळे पडून वितळलेले दिसते ते याचमुळे. तारांच्या टोकांना लग, म्हणजे दाबून बसवायची धातूची टोके, लावा आणि तारा दोन-तीन ‘व्ही प्लस’ टर्मिनलांत वाटून द्या. ते सगळे आतून एकच असतात.

मायनसकडेही तेवढेच लक्ष द्या. प्लसची तार सगळे तपासतात. मायनसच्या सगळ्या तारा एकाच स्क्रूखाली घुसवलेल्या असतात आणि आठही कॅमेऱ्यांचा परतीचा करंट त्या एका स्क्रूतून जातो.

कॅमेऱ्याकडचा डीसी जॅक उघडा. पावसाचे पाणी केबलवरून ओघळत थेट जॅकमध्ये उतरते. जोड जंक्शन बॉक्समध्ये हवा आणि केबल आत शिरण्याआधी खाली लोंबता फास हवा, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाईल. गंजलेला जॅक घासून पुन्हा वापरू नका, कापून नवा लावा.

तपासणी ३: दोन टोकांचे मोजमाप

सगळ्यांत मोलाची तपासणी हीच आहे आणि तिला फक्त साधे मल्टिमीटर लागते. वेळ रात्रीची हवी. ते जमत नसेल तर कॅमेऱ्याचा प्रकाशसेन्सर काळ्या चिकटपट्टीने झाका, म्हणजे दिवसाही एलईडी लागतील. लोड पूर्ण करायला सगळेच कॅमेरे झाकावे लागतात. ज्या मॉडेलला असा सेन्सर बाहेर दिसत नाही, त्यात डीव्हीआरच्या मेनूतून नाइट मोड जबरदस्तीने लावता येतो.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. पहिले मोजमाप एसएमपीएसच्या व्ही प्लस आणि व्ही मायनसवर, दुसरे कॅमेऱ्याच्या जॅकवर, कॅमेरा जोडलेला असतानाच. जॅक काढून मोजले तर तारेत करंट नसतो, व्होल्टेज पडत नाही आणि मीटर छान १२ दाखवते. नेमके हेच चुकीचे मोजमाप पाहून चांगले कॅमेरे भंगारात गेले आहेत.

एसएमपीएसपाशी ११.९ ते १२.३ आणि कॅमेऱ्यापाशी ११ च्या खाली: एसएमपीएस निर्दोष आहे. तार जाड करा किंवा त्या कॅमेऱ्याजवळ वेगळा अडॅप्टर द्या. वरच्याच ६० मीटरला दीड चौरस मिलिमीटर तांब्याची तार ओढली तर रात्री २.३ ऐवजी फक्त ०.८ व्होल्ट पडतात. केबलमधली एखादी तार रिकामी असेल तर ती मायनसला समांतर जोडा. तेवढ्यानेही फरक पडतो.

एसएमपीएसपाशीच ११.५ च्या खाली, किंवा आकडा स्थिर राहत नाही: पुढच्या तपासण्यांकडे जा.

टर्मिनलशेजारच्या छोट्या पिवळ्या-पांढऱ्या स्क्रूने, म्हणजे ॲडजस्ट प्रीसेटने, व्होल्टेज वाढवून लांबचा कॅमेरा चालवायचा मोह होतो. १२.५ पर्यंत ठीक आहे, त्यापुढे नको. बऱ्याच कॅमेऱ्यांची मर्यादा १२ च्या १० टक्के वर, म्हणजे १३.२ असते. दिवसा एलईडी बंद असताना जवळच्या कॅमेऱ्याला पूर्ण वाढीव व्होल्टेज बसते. लांबचा वाचवताना जवळचा जातो.

तपासणी ४: येणारी लाइट

इथून २३० व्होल्टशी संबंध येतो. उघड्या टर्मिनलवर मीटर लावायची सवय नसेल तर हे इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

मीटर ७५० किंवा ६०० व्होल्ट एसीवर ठेवून एल (फेज) आणि एन (न्यूट्रल) मध्ये मोजा. लेबलवर इनपुटची मर्यादा छापलेली असते. गावाकडे संध्याकाळी १६०-१७० व्होल्टपर्यंत घसरण होते आणि स्वस्त एसएमपीएस तिथे लोड सोडतो. कारण सरळ आहे: एसएमपीएस आधी एसीचे डीसी करतो आणि ते एसीच्या शिखराएवढे असते. २३० चे ३२५ व्होल्ट, पण १६५ चे २३३ च. तेवढीच शक्ती द्यायला आतल्या मॉसफेटला, म्हणजे वेगाने उघडझाप करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचला, जास्त करंट ओढावा लागतो आणि तो आपल्या मर्यादेला जाऊन टेकतो.

२६० च्या वर आकडा दिसला, किंवा पंखा-मोटर लावताच दिवे एकदम प्रखर होत असतील, तर न्यूट्रल सैल किंवा तुटलेला असू शकतो. इथे थांबा. मेन स्विच बंद करा आणि वीज कंपनीच्या वायरमनला बोलवा. तीन फेजच्या जागेत न्यूट्रल तुटला की एका फेजवर ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. त्यांचे शिखर ५६६ व्होल्ट, आणि आतला मोठा कपॅसिटर ४०० व्होल्टचा. तो फुटतोच.

काही एसएमपीएसच्या बाजूला ११५/२३० चा छोटा सरकता स्विच असतो. तो आपल्याकडे कायम २३० वर हवा. ११५ वर तो सर्किटला व्होल्टेज दुप्पट करायला लावतो. २३० दिले की आत ६५० व्होल्ट तयार होतात आणि क्षणात स्फोट होतो. नवा एसएमपीएस जोडण्याआधी हा स्विच पाहणे ही सवयच लावून घ्या.

इन्व्हर्टरवर असाल तर त्याचा मोड यूपीएसवर आहे का पाहा. साध्या मोडमध्ये बदलाबदलीला जास्त वेळ लागतो. त्या वेळात एसएमपीएस मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेवर तग धरतो. १०० मायक्रोफॅरडचा निरोगी कपॅसिटर पूर्ण लोडवर साधारण ५० मिलिसेकंद काढतो. सुकून ३० मायक्रोफॅरडवर आला तर २० सुद्धा नाही. मोड बरोबर असूनही कॅमेरे रीस्टार्ट होत असतील तर हा कपॅसिटर संपला आहे.

तपासणी ५: लोड सोडून, एकेक जोडून

लाइट बंद करून आउटपुटच्या सगळ्या तारा काढा. लाइट चालू करा. दिवा स्थिर लागला आणि १२ व्होल्ट आले, तर टिकटिकीचे कारण बाहेर आहे. मग एकेक कॅमेरा जोडत जा. ज्याच्या जोडण्याने टिकटिक सुरू होते तो कॅमेरा, त्याची केबल किंवा जॅक शॉर्ट आहे. सरसकट सगळे जोडून ‘एसएमपीएस गेला’ म्हणणे ही फार महागात पडणारी घाई आहे. एका पाणी शिरलेल्या जॅकने आठही कॅमेरे बंद पडतात, कारण एसएमपीएस स्वतःला वाचवायला सगळ्यांचीच लाइट तोडतो.

सगळे जोडल्यावरच टिकटिक होत असेल तर बेरीज करा. प्रत्येक कॅमेऱ्याच्या लेबलवरचा अँपिअर घ्या, रात्रीचा. ती बेरीज एसएमपीएसच्या आकड्याच्या ७० टक्क्यांत बसली पाहिजे. आठ कॅमेरे अर्ध्या अँपिअरने ४ होतात. ५ अँपिअरच्या एसएमपीएसला ते ८० टक्के झाले. कागदावर चालते, पण उन्हाळ्यातल्या बंद पेटीत नाही. शिवाय लाइट आल्यावर सगळे कॅमेरे एकाच क्षणी सुरू होताना याहून जास्त ओढतात. इथे १० अँपिअरचा घ्या किंवा ५ चे दोन लावून कॅमेरे वाटा. दोन एसएमपीएसचे आउटपुट समांतर जोडू नका. दोघांचे व्होल्टेज कधीच तंतोतंत सारखे नसते, जास्त व्होल्टचा एकटाच सगळा भार उचलतो.

कॅमेऱ्यांशिवाय लोड द्यायचा असेल तर गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे बल्ब वापरा. एक बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. एक लावा, पेटू द्या, मग दुसरा. ५ अँपिअरच्या एसएमपीएसला दोन बल्बांवर अर्धा तास ठेवा: व्होल्टेज ०.२ पेक्षा जास्त घसरू नये. हेडलाइटचा बल्ब थेट लावू नका. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या दहापट करंट ओढते, आणि अगदी चांगला एसएमपीएससुद्धा त्याला शॉर्ट समजून टिकटिक करतो.

तपासणी ६: आडव्या पट्ट्यांसाठी बॅटरी

पट्टे येणाऱ्या कॅमेऱ्याजवळ यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी नेऊन कॅमेरा फक्त तिच्यावर चालवा. प्लस-मायनस दोनदा पाहा. पट्टे गेले तर दोष पॉवरच्या किंवा अर्थच्या वाटेत आहे. राहिले तर व्हिडिओ केबल, तिच्या टोकाचा बीएनसी जोड किंवा कॅमेरा. बॅटरीने पट्टे गेले आणि कॅमेऱ्याचे धातूचे शरीर लोखंडी खांबाला टेकलेले असेल, तर मध्ये रबर किंवा प्लास्टिकचा तुकडा घालून पाहा. तेवढ्याने थांबले तर एसएमपीएस बदलायची गरज नाही.

मीटरच्या एसी रेंजवर रिपल मोजण्याचा सल्ला दिला जातो. साध्या पिवळ्या मीटरवर त्यात अर्थ नाही. त्याची सर्वांत लहान एसी रेंजच २०० व्होल्टची असते आणि ते डीसी अडवत नाही. प्रोब उलटे केल्यावर आकडा बदलत असेल तर ते रिपल नव्हे, डीसीच मोजते आहे.

इथे बहुतेकांनी थांबायचे

आतापर्यंतच्या तपासण्यांनी दोष एसएमपीएसच्या आत आहे हे ठरले असेल, तर घरमालक, दुकानदार आणि सोसायटीच्या सचिवांनी झाकण उघडू नये. ५ अँपिअरचा एसएमपीएस सरळ बदला. दुरुस्तीची मजुरी आणि नव्याची किंमत यांत फार अंतर राहत नाही. १० अँपिअर आणि त्यापुढचा, नावाजलेल्या कंपनीचा असेल तर दुरुस्तीला द्यावा.

खालीलपैकी काही दिसले तर कुणीही पुन्हा लाइट देऊन पाहू नये: काजळी किंवा फुटलेला भाग, आत शिरलेले पाणी, नवा फ्यूज लगेच उडणे, आउटपुट १४ व्होल्टच्या वर जाणे. शेवटचे सर्वांत फसवे असते. दिवा लागलेला असतो, सगळे ठीक वाटते आणि एकामागून एक कॅमेरे जळतात. फीडबॅक, म्हणजे आउटपुट पाहून व्होल्टेज आवरणारी वाट, तुटल्यावर हे होते.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार कधीही नको. फ्यूज हा परिणाम असतो. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर पुढे मॉसफेट किंवा ब्रिज (एसीचे डीसी करणारे डायोड) शॉर्ट आहे, आणि तार लावली की आग लागते.

यापुढचे, सोल्डरिंग आयर्न हातात असणाऱ्या तंत्रज्ञांसाठी

लाइट काढल्यावर मोठा कपॅसिटर डिस्चार्ज करा. मृत एसएमपीएस चालत्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो. चालणारा आपली ऊर्जा लोडमध्ये रिकामी करतो; मृताच्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट बराच वेळ बसून राहतात. १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड प्रोबने दहा सेकंद लावा आणि मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. कपॅसिटर आणि पट्टी दोन्ही खराब होतात.

पट्टीवर ट्रान्सफॉर्मर आणि ऑप्टोकपलर यांच्या खालून एक मोकळी रेघ जाते. तिच्या एका बाजूला मेनशी थेट जोडलेला भाग, दुसऱ्या बाजूला १२ व्होल्ट. मेनकडच्या बाजूचे व्होल्टेज मोजताना काळा प्रोब मोठ्या कपॅसिटरच्या मायनसवर हवा, आउटपुटच्या मायनसवर नाही. ऑसिलोस्कोप तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला तर त्याचा अर्थ क्लिप थेट शॉर्ट करतो.

पहिली लाइट नेहमी ६० वॅटच्या सिरीज बल्बमधून द्या. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. प्रखरच राहिला तर शॉर्ट. मंद उघडझाप करत असेल तर सर्किट सुरू व्हायचा प्रयत्न करून सोडते आहे.

त्या टिकटिकीची रचना समजली की दोष लवकर सापडतो. ३२५ व्होल्टपासून मोठ्या किमतीच्या स्टार्टअप रेझिस्टरमधून एक छोटा कपॅसिटर, बहुधा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा, हळूहळू भरतो. यूसी ३८४२ सारख्या आयसीला १६ व्होल्ट मिळाले की ती जागी होते आणि मॉसफेटला पल्स द्यायला लागते. ट्रान्सफॉर्मरच्या एका लहान वाइंडिंगने आता तिला स्वतःची लाइट पुरवायची असते. तोवरचे काही मिलिसेकंद तो छोटा कपॅसिटर सांभाळतो. कपॅसिटर सुकलेला असेल किंवा आउटपुट शॉर्ट असेल तर व्होल्टेज १० च्या खाली जाते, आयसी झोपते, कपॅसिटर पुन्हा भरतो, पुन्हा टिक. ‘लाइट गेली की उठत नाही’ या तक्रारीत तो कपॅसिटर आधी बदला. हेअर ड्रायरने ऊब दिल्यावर एसएमपीएस सुरू होत असेल तर शंकाच नको; सुकलेल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध उष्णतेने कमी होतो. टिकही नाही, फ्यूज शाबूत आणि मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट असतील तर स्टार्टअप रेझिस्टर ओपन आहे का पाहा.

लोडवर व्होल्टेज घसरत असेल तर आउटपुटचे १००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर पाहा. फुगलेला एकच दिसला तरी सगळे बदला. फुगलेले नसले तरी ईएसआर (अंतर्गत रोध) मीटरने मोजा: निरोगी ०.०५ ओहमच्या आसपास, ०.३ च्या वर गेला की बाद. साधे कपॅसिटन्स मीटर ९०० दाखवत राहते आणि फसवते. ट्रान्सफॉर्मरकडून करंट अखंड येत नाही, सेकंदाला हजारो तुकड्यांनी येतो, आणि प्रत्येक तुकडा लोडच्या करंटच्या कितीतरी पट मोठा असतो. तो गिळायला अंतर्गत रोध कमी हवा. साठवणक्षमतेचा प्रश्न नंतरचा. म्हणून १०५ अंशांचे, लो-ईएसआरचेच घ्या, बसत असेल तर १६ ऐवजी २५ व्होल्टचे.

टिकटिक लोडशिवायही होत असेल तर आउटपुटचा शॉट्की डायोड, बहुधा एमबीआर २०१०० जातीचा, काढून मोजा. एका दिशेने ०.१५ ते ०.३, दुसऱ्या दिशेने ओपन हवा.

मॉसफेट शॉर्ट असेल तर एकटा मॉसफेट बदलू नका. त्याच्या सोर्सचा अर्ध्या ओहमच्या आतला रेझिस्टर, गेटचा रेझिस्टर, आयसी आणि ट्रान्सफॉर्मरशेजारचा स्नबर, म्हणजे जळका २ वॅटचा रेझिस्टर, १ किलोव्होल्टचा कपॅसिटर आणि फास्ट डायोड, हे सगळे तपासा. स्नबर ओपन असताना नवा मॉसफेट लावला तर तो पहिल्याच लोडला जातो. त्या डायोडच्या जागी साधा १एन ४००७ लावायची पद्धत आहे. तो त्या वेगासाठी बनलेला नाही, तापतो आणि स्नबरचे काम बिघडवतो. एफआर १०७ किंवा यूएफ ४००७ घ्या.

आउटपुट जास्त येत असेल तर फीडबॅकचे भाग पाहा: टीएल ४३१, पीसी ८१७ ऑप्टोकपलर आणि त्यांच्याभोवतीचे रेझिस्टर. टीएल ४३१ च्या रेफरन्स पायावर चालू अवस्थेत २.५ व्होल्ट हवेत. निळे वाय कपॅसिटर आणि चौकोनी एक्स कपॅसिटर बदलायचे असतील तर त्याच वर्गाचेच. वाय कपॅसिटर मेन आणि आउटपुटच्या मध्ये बसतो. तिथे साधा सिरॅमिक लावला आणि तो शॉर्ट झाला, तर मेनची फेज कॅमेऱ्याच्या धातूपर्यंत पोचते.

दुरुस्तीनंतर लगेच कॅमेरे जोडू नका. रिकाम्यावर १२ व्होल्ट पाहा, मग इंडिकेटरच्या दोन बल्बांवर दोन तास चालवा, लाइट पाच-सहा वेळा बंद-चालू करून दरवेळी उठतो का पाहा, एकदा तरी पूर्ण थंड झाल्यावर. मग कॅमेरे एकेक जोडा, रात्री दोन्ही टोकांचे आकडे घ्या आणि तारखेसह पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या वेळी जो कुणी पेटी उघडेल, त्याला तुलना करायला आकडा समोर असेल.